तिघांनी हात पुढे केलाय, कुणाचा धरू?

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, आम्ही नाशिकचे तिघं मित्र, दोघं इंजिनिअर आणि एक ऑप्टोमेट्रिस्ट. डायबेटिसमुळे डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झालाय का हे फंडस कॅमेऱ्याच्या, म्हणजे त्या पडद्याचा फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या, फोटोवरून सांगणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवलंय. आता तीन ऑफर आल्यात. एक मुंबईची मोठी हॉस्पिटल चेन, ते म्हणतात लगेच सगळ्या ब्रँचमध्ये चालू करू, पण तीन वर्षं दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही आणि डेटा सगळा त्यांचा. दुसरी एक फार्मा कंपनी, ती फिजिशियनच्या क्लिनिकमध्ये कॅमेरे फुकट ठेवायला तयार आहे, बदल्यात रिपोर्टखाली त्यांचं माहितीपर पान हवं आणि कुठल्या डॉक्टरकडे किती पेशंट पॉझिटिव्ह निघाले याचा दर महिन्याला रिपोर्ट हवा. तिसरं जिल्ह्यातलं एक ट्रस्टचं डोळ्यांचं हॉस्पिटल, त्यांच्याकडे पैसे जवळपास नाहीत आणि तिथल्या मॅडम इतके प्रश्न विचारतात की आम्ही थकलो, वर म्हणतात आधी तीन महिने माझ्या ग्रेडिंगशी, म्हणजे फोटो बघून आजार किती ते मी ठरवते त्याच्याशी, ताडून बघू. क्लाउडचं काम कॉलेजच्या मित्राची कंपनी स्वस्तात करून देतेय. आमच्याकडे आठ महिने पुरतील एवढेच पैसे आहेत. घरचे म्हणतात फार्मावाल्यांना हो म्हणा. काय करू?"

अरे, आधी उत्तर सांगून टाकते आणि मग कारणं. ट्रस्टच्या मॅडमना हो म्हण. फार्मा कंपनीला, ऑफर आत्ता आहे तशी असेल तर, नाही म्हण. मुंबईच्या चेनला लगेच नाही म्हणू नकोस पण त्यांनी पाठवलेल्या कागदावर सही पण करू नकोस. आणि मित्राच्या कंपनीचं काम तू जाता जाता एका ओळीत लिहिलंयस, मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटतेय, त्यावर येतेच.

मी बरीच वर्षं हॉस्पिटलच्या बाजूने बसून अशा कंपन्यांची प्रेझेंटेशन्स बघितली आहेत, आणि पार्टनर कोण चांगला हे ठरवताना लोक नाव बघतात, ब्रँच किती आहेत बघतात, चेक केवढा आहे बघतात. मी एकच गोष्ट बघते. तुमच्या सॉफ्टवेअरने "या पेशंटला काही झालेलं नाही, घरी जाऊ दे" असं सांगितलं तर त्या पार्टनरचं नुकसान होतं का? होत असेल तर आज ना उद्या तो तुमच्या स्क्रीनवर हात ठेवणार, गोड बोलून ठेवेल, "जरा थ्रेशोल्ड खाली आणा ना" म्हणेल, म्हणजे थोड्याशा शंकेवर पण पॉझिटिव्ह निघेल, पण ठेवणार. त्याच्या मनात काही वाईट असायची गरज नसते, त्याचा सेल्स टीमचा टार्गेट शीट हे काम आपोआप करून घेतो.

हे मी हवेत बोलत नाहीये. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोची प्रॅक्टिस फ्युजन नावाची कंपनी होती, छोट्या डॉक्टरांना पेशंटच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर फुकट द्यायची, म्हणजे पैसे दुसरीकडून आणावे लागणार हे उघडच होतं. त्यांनी ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक, गोळ्या बनवणाऱ्या एका कंपनीकडून जवळपास १० लाख डॉलर घेतले आणि डॉक्टरच्या स्क्रीनवर वेदनेसंबंधी एक अलर्ट टाकला, जो दिसायला वैद्यकीय सल्ल्यासारखा होता पण बनवताना औषध कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांचा हात त्यात होता. व्यसनाच्या गोळ्यांचा अख्ख्या देशात हाहाकार चालू असतानाची ही गोष्ट. जानेवारी २०२० मध्ये प्रकरण मिटवायला १४.५ कोटी डॉलर भरावे लागले, फौजदारी आणि दिवाणी दोन्ही धरून. आता तुझ्या फार्मा ऑफरमधलं "रिपोर्टखाली आमचं माहितीपर पान" परत वाच. आज ते पान आहे, उद्या त्या पानावर औषधाचं नाव येईल, परवा ते पान फक्त पॉझिटिव्ह रिपोर्टखाली छापायला सांगतील.

आणि तो महिन्याचा रिपोर्ट, कुठल्या डॉक्टरकडे किती पॉझिटिव्ह, तो कशासाठी हवाय ते तुला पण माहितीये. एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, कुणाच्या दारात जास्त वेळा उभा करायचा हे ठरवायला. आपल्याकडे याला कट प्रॅक्टिसचा, म्हणजे पेशंट पाठवून कमिशन खाण्याचा, वास येतो हे कुणालाही सांगावं लागत नाही. मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम डॉक्टरला पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घ्यायला-द्यायला स्पष्ट मनाई करतात, महाराष्ट्रात तर २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरुद्ध वेगळ्या कायद्याचा मसुदा पण तयार झाला होता, तो पुढे कायदा झाला नाही ही वेगळी गोष्ट. फुकट कॅमेरा आणि पेशंटचा आकडा ही देवाणघेवाण त्या रेषेच्या फार जवळ जाते, आणि ज्या फिजिशियनना हे कळेल त्यातले चांगले लोक तुमच्यापासून आधी लांब जातील, राहतील ते कोण याचा विचार कर.

फार्मा कंपनीने कॅमेरे द्यायलाच नकोत असं मी म्हणत नाही. कॅमेरे द्या, एखाद्या सरकारी किंवा ट्रस्टच्या हॉस्पिटलला सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामाच्या निधीतून, द्या, रिपोर्टवर आमच्याशिवाय कुणाचं नाव नको, पेशंटचा किंवा डॉक्टरचा कुठलाही आकडा मिळणार नाही, हे सगळं कागदावर. एवढं ऐकून पण ते हो म्हणाले तर जरूर घे. बहुतेक फोन येणं बंद होईल, आणि मग तुला उत्तर मिळालंच.

आता मॅडमकडे येते. तू लिहिलंयस "इतके प्रश्न विचारतात की थकलो". अरे, हे प्रश्न बाहेर विकत मिळत नाहीत! थेरानोसचं आठवतंय ना, बोटातून काढलेल्या रक्ताच्या एका थेंबात सगळ्या टेस्ट करू म्हणणारी कंपनी. वॉलग्रीन्ससारख्या अवाढव्य मेडिकल स्टोअर चेनने २०१३ मध्ये त्यांच्याबरोबर दुकानांत सेंटर्स उघडली, आणि त्याआधी त्यांनीच नेमलेल्या लॅबच्या सल्लागाराला आतली लॅब नीट बघायला मिळाली नव्हती, तो शंका काढत होता तरी गाडी पुढे गेली. शेवटी कोर्टकचेरी. जो पार्टनर काही न विचारता "लगेच सगळ्या ब्रँचमध्ये" म्हणतो त्याने एकतर तुमचं काम समजून घेतलेलं नाही, नाहीतर त्याला वार्षिक अहवालात एआय हा शब्द छापायचाय. दोन्हीमध्ये फोटो चुकीचा वाचला गेला की जबाबदारी तुमच्या गळ्यात येणार.

मॅडम जे तीन महिने मागतायत ना, त्यात काय सापडतं ते गूगलच्या अनुभवावरून बघ. त्यांचं हेच काम करणारं सॉफ्टवेअर, मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलसारख्या ठिकाणचे फोटो वापरून केलेला अभ्यास, २०१६ मध्ये मोठ्या जर्नलमध्ये छापून आलेला, आकडे उत्तम. मग त्यांनी थायलंडमध्ये ११ क्लिनिकमध्ये ते प्रत्यक्ष लावलं, नर्सनी वापरायचं. पहिल्या सहा महिन्यांत टाकलेल्या १८३८ फोटोंपैकी २१ टक्के फोटो सॉफ्टवेअरने "दर्जा नाही" म्हणून नाकारले. कारण काय, तर खोलीत नीट अंधार करता येत नव्हता, गर्दी होती, इंटरनेट रडतखडत चालायचं. ज्यांचा फोटो नाकारला गेला त्यांना दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे जा सांगायचं, ज्याच्याकडे सुट्टी नाही गाडी नाही तो कशाला जातोय. गूगलच्या माणसांनी हे स्वतः २०२० मध्ये लिहून प्रसिद्ध केलं याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. पण त्यांच्यामागे गूगलचे पैसे होते, तुमच्यामागे आठ महिने आहेत, त्यामुळे तुम्हाला हे एका तालुक्यातच कळलं पाहिजे.

आणि आपल्या कॅम्पमध्ये काय असतं ते मी बघितलंय. ग्रामपंचायतीचा हॉल, खिडक्यांना पडदे नाहीत म्हणून कुणीतरी काळी चादर खिळ्याला अडकवतो, ती वाऱ्याने सारखी निघते. आजी हनुवटी टेकवतात पण कपाळ पट्टीला लागत नाही, कारण मान तेवढी वाकत नाही, टेक्निशियन म्हणतो "आजी हिरव्या लाइटकडे बघा" आणि आजी म्हणतात "कुठंय लाइट?" कारण मोतीबिंदू एवढा पिकलाय की पडदा दिसायची शक्यताच नाही, कॅमेरा फक्त पांढुरकं धुकं टिपतो. तुमचं सॉफ्टवेअर या आजीला काय म्हणणार? "इमेज खराब" म्हणून घरी पाठवणार, की "मोतीबिंदूसाठी दाखवा" म्हणणार? आता ही आजी चांगल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या डेटात फारशी भेटत नाही, ती मॅडमकडे रांगेत बसलेली असते. देशात १० कोटींच्या वर डायबेटिसचे पेशंट आहेत असा आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासाचा अंदाज आहे, त्यात या आजीसारखे लोक पण आहेत.

अजून एक, जे लोक पार्टनर निवडताना विसरतातच. स्क्रीनिंगनंतर काय? सॉफ्टवेअरने पॉझिटिव्ह सांगितलं, मग लेझर कोण मारणार, डोळ्यात इंजेक्शन द्यायचं झालं तर कुठे, त्याचा खर्च कुठल्या योजनेत बसतो, फोन करून आठवण कोण करणार? फिजिशियनच्या क्लिनिकमध्ये ठेवलेला कॅमेरा याचं काहीच करत नाही, एक चिठ्ठी हातात देतो. मॅडमच्या हॉस्पिटलमध्ये रेटिनाचे डॉक्टर रोज बसतात की आठवड्यातून एकदा येतात हे मात्र आधी विचार, कारण तिथेच उपचार होणार असतील तरच तुम्ही सांगितलेल्या पॉझिटिव्हचा त्या माणसाला उपयोग, आणि मगच तुमचं बरोबर आलं की चूक हे तुम्हाला परत कळणार.

मॅडमशी करार करताना पण भाबडेपणा नको हं. ट्रस्ट आहे, भले लोक आहेत, म्हणून तोंडी ठरवलं असं करू नकोस. त्यांच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागेल. मॅडम जे हजारो फोटोंचं ग्रेडिंग करतील ते लेबल, म्हणजे प्रत्येक फोटोवरचा त्यांचा निकाल, कुणाच्या मालकीचे, पेपर छापला तर नावं कुणाची, हे आत्ताच लिहा. तुमचं सॉफ्टवेअर २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस रूल्सखाली येणार, कारण एप्रिल २०२० पासून निदानासाठीचं सॉफ्टवेअर पण त्या कक्षेत धरलं जातं. बनवायचं लायसन्स क्लास ए किंवा बी (म्हणजे कमी धोक्याचं) असेल तर राज्याच्या एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, आणि सी किंवा डी (जास्त धोक्याचं) असेल तर दिल्लीच्या सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे, आणि चाचणीसाठी वापरायचं तर टेस्ट लायसन्स वेगळं. कुठल्या क्लासमध्ये बसता ते मॅडमच्या चाचणीच्या आधी एखाद्या रेग्युलेटरी कन्सल्टंटला पैसे देऊन विचारून घे, कारण त्या तीन महिन्यांचा अभ्यास नीट कागदावर आखला तर पुढे लायसन्सच्या अर्जाला त्याचाच आधार मिळू शकतो, आणि नाही आखला तर सगळं परत करावं लागेल.

आता मुंबईची चेन. त्यांचं "डेटा सगळा आमचा" हे वाक्य मला खटकलं आणि तुला पण खटकायला हवं, डेटा पेशंटचा आहे. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलने गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीला १६ लाख पेशंटची माहिती दिली होती, किडनीच्या एका ॲपसाठी, हेतू चांगला होता, तरी तिथल्या माहिती आयुक्तांनी २०१७ मध्ये ठरवलं की हॉस्पिटलने कायदा पाळला नाही, पेशंटना नीट सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे आता २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होतायत, आणि सुरक्षेत ढिलाई झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे पेशंटच्या फोटोवरून तुमचं मॉडेल शिकवायचं असेल तर पेशंटच्या संमतीत ते साध्या मराठीत लिहिलेलं पाहिजे, "तपासणीसाठी" एवढं लिहून भागणार नाही.

तीन वर्षं दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, हे मान्य केलंस तर मॅडमचं हॉस्पिटल पण गेलं, सरकारी काम पण गेलं. त्यांना उलट प्रस्ताव दे की एका ब्रँचमध्ये सहा महिने, पैसे देऊन, फुकट पायलट नाही. आणि अगदीच एक्सक्लुझिव्ह हवं असेल तर फक्त मुंबई शहरातल्या खाजगी हॉस्पिटलपुरतं, एक वर्ष, आणि महिन्याला किमान इतकी स्क्रीनिंग झाली नाहीत तर अट आपोआप रद्द. मोठ्या हॉस्पिटलमध्ये असं होतं की ज्या साहेबांनी तुम्हाला आणलं ते चार महिन्यांत दुसऱ्या चेनमध्ये जातात, नव्या साहेबांना तुमच्यात काही रस नसतो आणि तुम्ही करारात अडकून बसता, ना काम ना पैसे. सही करण्यापूर्वी त्या हॉस्पिटलला सॉफ्टवेअर किंवा मशीन पुरवणारे, आता काम सोडलेले दोन जण शोधून फोन कर. पैसे किती दिवसांनी आले, काम बंद करताना त्रास दिला का, एवढंच विचार, लोक भडाभडा बोलतात. आणि उद्यम नोंदणी केली नसेल तर या आठवड्यात कर, छोट्या उद्योगाचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा आहे, नंतर व्याज लागतं. तुमच्या इन्व्हॉइसवर तो नंबर दिसला की अकाउंटवाले जरा नीट वागतात.

मित्राची क्लाउड कंपनी. स्वस्त आहे म्हणून दिलंयस, बरोबर? मग ऐक, नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा, हल्ला झाला, सर्व्हर बंद पडले, देशातलं सगळ्यात मोठं नाव, आणि जवळपास दोन आठवडे ओपीडीची नोंद, लॅबचे रिपोर्ट, सगळं हाताने लिहून चाललं. तुमच्याकडे असं झालं तर मित्राच्या कंपनीत रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, त्या माणसाचं नाव तुला माहितीये का? असा सायबर प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवायचं बंधन आहे, लॉग म्हणजे सिस्टिमच्या नोंदी १८० दिवस ठेवायचे आहेत, हे मित्राला माहिती आहे का विचार. नसेल तर त्याला पुढच्या प्रोजेक्टला घे, याला नको. मैत्री टिकवायची असेल तरी हेच कर, कारण उद्या काही घडलं तर हॉस्पिटल तुला धरणार आणि तू मित्राला. सर्ट-इनच्या यादीतल्या ऑडिटरकडून सिक्युरिटी ऑडिट करून घे, आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी म्हणजे आभा या आरोग्य ओळख नंबरशी जोडायचं झालं तर ते तसंही लागतंच. आणि रिपोर्ट पहिल्यापासून एफएचआयआर या, आरोग्याच्या माहितीची देवाणघेवाण करायच्या स्टँडर्डमध्ये ठेवा, म्हणजे उद्या कुठलाही पार्टनर बदलला तरी माहिती उचलून दुसरीकडे नेता येते. त्याचे भारतातले फॉरमॅट ठरवणारं राष्ट्रीय केंद्र पुण्याला सी-डॅकमध्येच आहे, त्यांचं साहित्य वेबसाइटवर उघड आहे, एका इंजिनिअरला आठवडाभर तेवढंच वाचायला बसव.

राहिले आठ महिने. हा खरा प्रश्न आहे आणि त्यावरून घरचे काळजी करतायत त्यात त्यांचं काही चूक नाही. तीन महिने मॅडमकडे, त्याच वेळी बायरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेच्या बिग ग्रँटसाठी अर्ज, ५० लाखांपर्यंत मिळतात आणि कंपनीतला हिस्सा द्यावा लागत नाही, पुण्याचं व्हेंचर सेंटर त्याचं काम बघतं, त्यांच्याकडे जाऊन भेट. हातात नामांकित डोळ्यांच्या डॉक्टरचं लेखी "आम्ही ताडून बघतोय" असलं की तो अर्ज वेगळा दिसतो. पण ग्रँटला वेळ लागतो, मिळेलच असं नाही, म्हणून मुंबईच्या चेनचं पैसे देऊन एका ब्रँचचं काम पाचव्या महिन्यापर्यंत सुरू झालं पाहिजे, आणि तोपर्यंत तुझ्याकडे मॅडमच्या पेशंटवरचे खरे आकडे असतील, चुकलेले पण, ते घेऊन बोलायला गेलास की एक्सक्लुझिव्हचा हट्ट बराच खाली येतो. दोन्ही नाही झालं तर सहाव्या महिन्यात तिघांपैकी कुणी नोकरी धरायची हे आज रात्रीच बसून ठरवा, ते ठरलेलं नसलं की माणूस सातव्या महिन्यात घाबरून फार्माच्या कागदावर सही करतो.

सोमवारी सकाळी मॅडमना फोन कर, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची यादी लेखी मागव. ज्याची उत्तरं तुमच्याकडे नाहीत त्यासमोर "माहिती नाही" असंच लिहून परत पाठव. चेनच्या कराराचा मसुदा नावं-गावं खोडून मला पाठवलास तर त्यातली एक्सक्लुझिव्ह आणि डेटाची कलमं मी वाचून देईन, बाकीचं वकिलाकडून बघून घे, आणि तो वकील आधी हॉस्पिटलचे करार केलेला असू दे.

— ताई